शेऱ्याचा रकाना

देवरे गुरुजींनी लोखंडी डब्याचं झाकण काढलं आणि वाकून कान आत नेला. टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, टक्.

दाराशी बसलेली कुसाबाई म्हणाली, "भुंगा लागल्यावानी वाजतंय. आमच्या आढ्याला असंच वाजतं."

"भुंगाच समजा. आतून खातोय."

"मग राहिलंय का काय आत?"

टेबलावर मोबाइल उताणा ठेवला होता आणि त्यातून त्यांची मुलगी योगिनी पुण्याहून बोलत होती.

"बाबा, कुठली वाजतेय? वरची की खालची?"

"वरची वाटते."

"वाटते नको. हात लावून बघा."

गुरुजींनी खालच्या डिस्कवर बोटं टेकवली. ती कोमट होती, एका लयीत फिरत होती. मग वरचीवर टेकवली. दर आवाजाला तिच्यात एक बारीक झटका येत होता, उचकी लागल्यासारखा.

"वरचीच."

"मग मशीन नीट बंद करा आणि फक्त वरची काढा. खालचीला धक्कासुद्धा लावू नका. आता सगळं त्या एकीवर आहे."

हे मशीन योगिनीनंच सहा वर्षांपूर्वी, इंजिनिअरिंगला असताना, जुन्या कॉम्प्युटरचं करून दिलं होतं. आत चाळीस-चाळीस जीबीच्या दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. घरातल्या दोन्ही कॉम्प्युटरचं सामान या डब्यात राहायचं. ते सांभाळायचं काम गुरुजी साठी उलटल्यावर शिकले, वही करून. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं: 'कंसात दोन यू दिसले म्हणजे दोघी जिवंत. एक यू आणि एक रेघ दिसली म्हणजे एक गेली.'

आज सकाळी कुसाबाई पहिल्या एसटीनं पेठहून आली. नागलीच्या पिठाची पिशवी तिनं ओट्यावर ठेवली, आणि उभ्या उभ्याच काय पाहिजे ते सांगितलं. ते दाखवायला गुरुजींनी मशीन उघडलं, तर कंसात एक यू आणि एक रेघ. तिला चहा देऊन ते एम. जी. रोडला गेले आणि नवी डिस्क घेऊन आले. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांची बायको मनमाडला बहिणीकडे गेली होती.

नवी डिस्क बसली. गुरुजींनी वहीत बघून एकेक अक्षर टाइप केलं आणि योगिनीनं ते फोनवरून परत म्हणवून घेतलं.

"एंटर दाबण्याआधी परत वाचा. नव्या डिस्कचंच नाव आहे ना? उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरेल."

गुरुजींनी दोनदा वाचलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर एक ओळ उमटली. ०.१ टक्के.

"आता जुनीवरचं सगळं नवीवर उतरतंय," योगिनी म्हणाली. "बाबा, हे पूर्ण होईपर्यंत एकही फाइल उघडू नका. जुनीसुद्धा थकलेली आहे. रोजच्या लोडशेडिंगनं दोघींचे सारखेच हाल झालेत. मधेच ती बसली तर काही हातात येणार नाही."

"किती वेळ?"

"तीन-चार तास. मावशींना सांगा, बसा म्हणावं."

"सव्वापाचची गाडी हाय माझी," कुसाबाई फोनकडं बघून मोठ्यानं म्हणाली. पुण्याला ऐकू जायला मोठ्यानं बोलावं लागतं अशी तिची समजूत होती.

मग दोघं बसून राहिले. टक्के हलत होते, पण बघत राहिलं की हलत नव्हते.

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर गुरुजींनी त्र्याण्णव-चौऱ्याण्णवला नऊ महिने साक्षरतेचा वर्ग घेतला होता. कुसाबाई तेव्हा चाळिशीची. नवरा सोमा आणि सासरा मंगळू यांना तीच ओढून आणायची. पहिल्या दिवशी रजिस्टरवर सगळ्यांनी अंगठे उठवले. शेवटच्या दिवशी ज्याला जमेल त्यानं सही करायची होती. कुसाबाईनं पूर्ण नाव लिहिलं. सोमानं अंगठा दिला.

"दोन अक्षरं," ती आता म्हणाली. "महिनाभर राखेत काढून दाखवत होते मला. अन् त्या दिवशी सगळ्या पाड्यासमोर अंगठा. मी घरी जाईस्तोवर बोलले नाय."

गुरुजींनी पडद्यावरचा आकडा पाहिला.

"मग पंधरा वर्सं बोललेच. रेशनला, बँकेत, कुठंबी. मी सही करायची अन् ह्यांच्याकडं बघायचं. अंगठेबहाद्दर म्हणायचे मी त्यांना. पोरंबी हसायची. ते पण हसायचे."

तिनं पदरानं गुडघ्यावरची धूळ झटकली. तिथं धूळ नव्हती.

सकाळी सांगितलं होतं तेच तिनं पुन्हा सांगितलं, जसं काही सकाळचं कमी पडलं होतं. पौषात सोमा तापानं पडला, तो पुन्हा उठला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, त्या दिवशी मी नाव लिहिलं होतं. बा माझ्या मागं उभा होता, त्याला काय जमणार नव्हतं. सगळ्या गड्यांत त्याचा एकट्याचाच अंगठा दिसला असता. म्हणून लिहिलं, अन् वर अंगठा ठेवला.

"मी काय म्हणाले ठाव हाय? म्हणले, पडा गुमान, ताप चढलाय डोक्यात."

"तापात माणूस बोलतो काहीतरी," गुरुजी म्हणाले.

"तेच तर. तापात बोलले का खरं बोलले, तेवढं मला बघायचंय. शाईखाली अक्षर दिसतं का नाय? पातळ उठला असंल अंगठा तर दिसतं."

"दिसतं," गुरुजी म्हणाले. "दिसायला पाहिजे."

"फोटो नको मला. मतदान कार्डावर हाय फोटो. त्यात पोलिसानं धरून आणल्यावानी दिसतात." ती हसली आणि लगेच थांबली. "सासरा पुढं अकरा वर्सं जगला. तवर ह्यांचा हात विसरला असंल. नाय तर नंतर का नाय लिहिलं?"

एकोणचाळीस टक्के. खालची डिस्क मधेच घरघरली. गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले. आकडा पाच मिनिटं तिथंच राहिला. मग चाळीस झाले. कुसाबाईनं हात जोडले, कोणाला ते तिचं तिला माहीत.

दोन वाजता वीज गेली. पंखा थांबला. इन्व्हर्टरवर फक्त मशीन आणि पडदा ठेवला होता. घामानं गुरुजींचा चष्मा नाकावरून घसरत होता. कुसाबाईनं रद्दीतला कागद घेतला आणि मशीनला वारा घालू लागली.

"त्याला नको, स्वतःला घाला."

"त्याला ताप आला तर?"

तिनं वारा घालणं सोडलं नाही.

मूळ रजिस्टरं राहिलेली नव्हती. दोन हजार तीनमध्ये ट्रंकेला वाळवी लागली, तेव्हा गुरुजींनी मोहिमेची, त्यांच्याकडं राहिलेली साठ गावांची रजिस्टरं पान पान करून स्कॅन केली. दीड हजारावर पानं. आणि मग वाळवी घरभर होऊ नये म्हणून उरलेले कागद त्यांनी अंगणात स्वतःच्या हातानं जाळले. 'आता यात सगळं आहे,' असं तेव्हा ते डब्यावर हात ठेवून बायकोला म्हणाले होते.

चार वाजून दहा मिनिटांनी टक्क्यांची ओळ पडद्यावरून गेली. गुरुजींनी वहीतली आज्ञा पुन्हा दिली. कंसात दोन यू आले.

"झालं," ते म्हणाले. "कुसाबाई, वाचलं सगळं. एक अक्षर गेलं नाही."

ती उठून त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. गुरुजींनी गावाचं फोल्डर उघडलं आणि एकेक पान पुढं सारू लागले. हजेरी, हजेरी, पाटी-पेन्सिलीचं वाटप, पुन्हा हजेरी. प्रत्येक पान स्वच्छ उमटत होतं. वाळवीनं खाल्लेले कोपरेसुद्धा नीट दिसत होते.

मग शेवटच्या दिवसाचं पान आलं.

तेराव्या ओळीत 'कुसाबाई सोमा भोये'. सही धारदार होती. 'भो' लिहिताना टाक कुठं अडला आणि शाई कुठं साचली, तेही दिसत होतं. खाली चौदावी ओळ सोमाची, पंधरावी मंगळूची. नावांपुढं गुरुजींच्याच अक्षरात 'नि. डा. अं.', निशाणी डावा अंगठा. आणि त्यापुढं, अंगठ्याच्या जागी, दोन काळे ठिपके. रेषा नाहीत, चक्र नाही. डांबराचे थेंब पडावेत तसे.

गुरुजींनी चित्र मोठं केलं. ठिपके मोठे झाले. अजून मोठं केलं. पडदा काळा झाला.

"असं कसं?" कुसाबाई म्हणाली. "खराब झालं?"

"नाही."

"मग?"

त्यांनी चित्र पुन्हा लहान केलं. "मी काळं-पांढरं घेतलं होतं," ते म्हणाले. "रंगीत पानाला लय जागा लागते. एका पानाच्या जागेत पाचशे बसतात काळं-पांढरं घेतलं तर. म्हणलं... अक्षरं वाचता आली म्हणजे झालं."

'लय' आणि 'म्हणलं' त्यांच्या तोंडून केव्हा गेलं ते त्यांना कळलं नाही. एरवी ते असं बोलत नसत.

कुसाबाईनं पडद्याजवळ बोट नेलं. काच न शिवता ते ओळीवरून सरकवू लागली, वर्गात शिकवलं होतं तसं. नवऱ्याच्या नावाशी बोट थांबलं. तिनं नाव उच्चारलं नाही. बोट ठिपक्यावरून पुढं गेलं, शेवटच्या रकान्यात. वर लिहिलं होतं, शेरा.

"नि," ती म्हणाली. "र." जोडाक्षराशी ती जरा अडली. "क्ष. र."

खोलीत पंखा बंद असल्यानं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"हे तुमचं अक्षर, गुरुजी."

"हो."

"ते अंगठा द्यायचे तवा तुम्ही म्होरंच बसला होता ना?"

गुरुजींना आठवायचं होतं. लाकडी टेबल आठवलं, स्टँपपॅड आठवलं, ओळीत उभे असलेले तीसेक लोक आठवले. सोमाचा हात आठवला नाही. शेरे त्यांनी दुसऱ्या दिवशी तालुक्याला बसून भरले होते. ज्या ओळीत सही, तिथं साक्षर. ज्या ओळीत अंगठा, तिथं निरक्षर. तासाभरात रजिस्टर उरकलं होतं.

ते पुढं वाकले. ठिपक्याच्या उजव्या अंगाला एक बारीक काळी रेघ होती.

"ही बघा," ते म्हणाले. "ही काय आहे? अंगठ्याच्या बाहेर आलीय. अक्षराचंच टोक असणार. आत अक्षर असल्याशिवाय..."

कुसाबाई बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिली. गुरुजी पडद्याकडंच बघत होते.

"ती रेघ सगळ्याच पानांवर हाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मघाधरनं बघते मी. हजेरीवर पण हाय, त्याच जागी."

स्कॅनरच्या काचेवर एक चरा होता. गुरुजींना तो सहा वर्षांपासून माहीत होता.

"हो," ते म्हणाले.

"राहू द्या, गुरुजी. तुम्हाला जमत नाय ते."

मग ती दोन्ही ठिपक्यांकडं वाकून बघू लागली. एकाकडून दुसऱ्याकडं, पुन्हा पहिल्याकडं.

"बापलेक सारखेच दिसतात," ती म्हणाली. "एक कागद निघंल का याचा?"

वीज आल्यावर कागद निघाला. तिनं त्याची चार पदरी घडी केली, पिठाच्या रिकाम्या पिशवीत ठेवली आणि पिशवीची गुंडाळी काखेत मारली. पेठ नाक्यापर्यंत सोडायला गुरुजी निघाले तर तिनं त्यांना फाटकातच थांबवलं.

"जित्या माणसाला विचारायचं सोडून मी इथं मशीनला विचारत बसले," ती म्हणाली. "ह्यात तुमचा काय दोष नाय."

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते उभे राहिले.

आत आले तेव्हा फोन वाजत होता.

"बाबा, काय झालं? दोन यू आले?"

"आले."

"सुटलो! म्हणजे काहीच गेलं नाही. आणि ही नवी डिस्क ऐंशीची आहे, बरं का. निम्मी रिकामीच राहील. आता जागेची चिंता करू नका. मावशींना मिळालं ना हवं ते?"

"कागद घेऊन गेल्या."

"चला. दमला असाल. पडा जरा."

फोन ठेवून गुरुजी टेबलाशी बसले. पडद्यावर ते पान तसंच होतं. त्यांनी वही मागं मागं उलटत नेली. दोन हजार तीनचं एक पान निघालं, त्यांच्याच नेटक्या हिशेबाचं. 'रंगीत, दर पानी पंचवीस एमबी, बसणार नाही. काळं-पांढरं, पानी पन्नास केबी. अक्षरं स्वच्छ. हेच घ्यावे.' आणि खाली त्यांची लफ्फेदार सही.

त्यांनी पट्टी घेतली. वहीच्या कोऱ्या भागात रजिस्टरच्या रकान्याएवढी चौकट आखली. पेन डाव्या हातात धरलं, नव्यानं शिकणाऱ्याचा हात चालतो तसं हळू हळू, आणि त्या चौकटीत बसेल अशा बेतानं लिहिलं: सोमा. मग त्यावर अंगठा ठेवला.

अंगठ्याखाली दोन्ही अक्षरं गेली. एक टोकही बाहेर राहिलं नाही.

गुरुजींनी अंगठा उचलला, पुन्हा ठेवला. मग घड्याळाकडं पाहिलं. सहाला पाच कमी होती. सव्वापाचची गाडी एव्हाना सावळघाट चढत असणार.