गूळपाण्याचा पाहुणा

मित्रांनो, मी निवडुंग आहे. जुना आहे, कुंडीतला आहे, आणि तुमच्याशी बोलायला बसलो आहे त्या अर्थी जिवंतही आहे. हे सांगताना मला फार बरं वाटतं, कारण मध्यंतरी मी आशाच सोडली होती.

माझा जन्म गडहिंग्लजचा. अमरसिंह तात्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाबाहेर माझी आई एका फुटक्या बादलीत उभी असे. तिच्या कुशीला मी फुटलो. तात्यांच्या मुलीने, वर्षाराणीने, मला कागदात धरून अलगद सोडवलं आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. डब्याच्या बुडाला तात्यांनी खिळ्याने भोकं पाडली होती. माती नावाला, बाकी सगळी वाळू आणि खडी. ऊन भरपूर, पाणी मात्र कुणाला आठवण झाली तरच. तुम्हाला हे हाल वाटतील, पण आमच्या जातीचं सुख हेच. मी ताठ वाढलो. पंक्चर काढायला आलेली माणसं थांबून माझा रुबाब बघत, आणि कौतुक कुणाला नको असतं?

पुढे वर्षाराणीचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी तिने दागिन्यांचा डबा नणंदेकडे दिला आणि मला मात्र स्वतःच्या मांडीवर घेतलं. अशी आमची वरात कसब्या बावड्याला पोहोचली. दारात तिच्या सासूबाई, म्हणजे बाळाबाई, ओवाळायला उभ्या होत्या. मला बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं की काटेरी झाड घरात ठेवत नसतात. नव्या सुनेचा चेहरा उतरला, तशा त्या घाईने ओवाळू लागल्या. पण शब्द सुटला तो सुटलाच. वर्षाराणीच्या मनात तो काट्यासारखा रुतून बसला.

माझा थाट मात्र वाढला. तिच्या नवऱ्याने, सम्राटने, माझ्यासाठी चकचकीत निळी कुंडी आणली. फरशी खराब व्हायला नको म्हणून मुद्दाम बिनभोकाची निवडली. सासरे आकाराम आबा उसाच्या रानातली काळीभोर माती घेऊन आले, जिच्यात काहीही रुजवलं तरी फोफावतं अशी तिची ख्याती. आणि मला टीव्हीशेजारी, शोकेसमध्ये, मानाची जागा मिळाली. तिथे ऊन म्हणून नव्हतं. एवढं कौतुक झाल्यावर तक्रार कशी करायची? आणि करणार तरी कोणत्या तोंडाने?

हळूहळू माझा शेंडा बारीक होऊन दाराच्या उजेडाकडे वाकला. मग अंगच सैल पडलं. एके दिवशी मी मान टाकली.

वर्षाराणी घाबरली. माहेरचं म्हणून या घरात तिच्यापाशी मीच होतो. ती मला खिडकीत घेऊन गेली, काठीचा आधार दिला, तहान लागली असेल म्हणून पाणीही घातलं. मी आणखीच वाकलो. त्यात कुंडीला मुंग्यांची रांग लागली, आणि तिच्या मनात नको ते आलं. सासूबाईंना मी दारातच खुपलो होतो. त्यांनी तर काही घातलं नसेल? असं कुणाला बोलता येत नाही. ती अंग चोरून घरात वावरू लागली. बाळाबाई तिला आणखी एक भाकरी, आणखी थोडा रस्सा असा आग्रह करत, तेव्हा ती निमूट खाई आणि मान खाली घाली. आम्ही दोघंही एकाच घरात कोमेजत होतो.

शेवटी तिने तात्यांना फोन लावला. तात्यांनी फार काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "बुडाला हात लावून बघ. तहानलेलं झाड सुरकुततंय, बुडालेलं मऊ पडतंय."

तिने काटे चुकवून बोट लावलं. मी पिकल्या केळ्यासारखा मऊ लागलो. तिने परसात पोतं अंथरलं आणि मला कुंडीतून उपसलं. तळाशी चिखल साचला होता, मुळं काळी पडली होती, आणि त्या मातीला चक्क गुऱ्हाळासारखा आंबूस वास येत होता. तेवढ्यात बाळाबाई तांब्या घेऊन परसात आल्या. वर्षाराणीने सगळं धैर्य गोळा करून विचारलं, "आई, ह्याच्यात गूळ कुणी घातला?"

बाळाबाईंना प्रश्नातली धार कळलीच नाही. त्या सरळ म्हणाल्या, "मीच देत हुतो की गूळपाणी. तुझ्या माहेरचं पावणं हाय त्ये. दारात मी उगंच वंगाळ बोलून बसलो, त्यास्नी तसंच कोरडं कसं ठिवायचं?"

आणि मग एकेक उघड झालं. आबा सकाळी तोंड धुतलं की तांब्यातलं उरलेलं मला घालत. सम्राट कामावर निघताना घालत होता. मी मान टाकल्यावर तर अशक्तपणा आला म्हणून गुळाचा खडाही मोठा झाला होता. घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की पाहुण्याची काळजी आपल्याशिवाय कुणालाच नाही. वर्षाराणी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. तिच्या मनातला काटा त्या दिवशी निघाला. माझ्या अंगात जीव थोडाच उरला होता, पण मलाही सुटल्यासारखं वाटलं.

पुढचं दुखणं खरं होतं. तिने धुतलेल्या सुरीने माझं सडकं बूड कापलं, आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत कापत गेली. मग मला सावलीत कोरडं ठेवलं, कापल्या जागी खपली धरेपर्यंत. त्या काळात बाळाबाईंचे हाल बघवत नव्हते. पाहुणा उपाशी आणि तहानलेला पडलाय, आणि आपण जेवायचं कसं? माझ्यासमोरून जाताना त्या पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत. खपली धरल्यावर भोकाची साधी मातीची कुंडी आली, तिच्यात वाळू, विटेचे तुकडे आणि चिमूटभर माती. सकाळचं कोवळं ऊन मिळेल असा कट्टा ठरला. मी मुळं धरली. उंची गेली ती गेली, पण आता माझ्या शेंड्यावर ताजे, पांढरे काटे आले आहेत.

परवा बाळाबाई तांब्या घेऊन माझ्यापाशी आल्या आणि थबकल्या. त्यांनी सुनेला हाक मारून विचारलं, घालू का म्हणून. वर्षाराणीने मातीत बोट खुपसलं आणि सांगितलं, अजून ओल आहे.

"ऱ्हाऊ दे तर मग," बाळाबाई म्हणाल्या. "पावण्याला आग्रव करायचा. ह्यो आता घरचा हाय, ह्याला इचारायचं."

त्या रात्री जेवताना वर्षाराणीने पहिल्यांदाच सांगितलं की तिसरी भाकरी नको, पोट भरलं. बाळाबाईंनी भाकरी परत दुरडीत ठेवली. कुणी रुसलं नाही.

मित्रांनो, माया कमी पडून मरतात तशी झाडं माया जास्त होऊनही मरतात. तुमच्या घरात कुणी मान टाकून बसलं असेल, तर तांब्या उचलण्याआधी एकदा त्याच्या बुडाला हात लावून बघा.