ओरिजिनल करायची की ठेवायची?

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी जुनी आहे, म्हातारी नाही. दोन सीटांची, लाल रंगाची आणि जमिनीला पोट घासेल की काय असं वाटण्याइतकी बुटकी अशी मी स्पोर्ट्स कार. हल्लीच्या उंच गाड्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या की मला त्यांची फक्त चाकं दिसतात. दिसू देत. वळणावर त्यांची कशी त्रेधा उडते ते मला चांगलं ठाऊक आहे.

माझं अंग कुठल्या यंत्रातून निघालेलं नाही. पत्राकाम करणाऱ्या एका कारागिरानं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून मला घडवलं. एक दार बसवायला त्यानं चार दिवस घेतले, तरी माझं डावं दार उजव्यापेक्षा सूतभर फुगीर राहिलंच. त्यानं ते पाहिलं, डोकं खाजवलं आणि "कुणाला दिसतंय!" म्हणून सोडून दिलं. मला दिसतं ना! पण इंजिन मात्र असं मिळालं की ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा कारखान्यातली माणसं हातातलं काम टाकून बघायला आली. तेव्हापासून लोकांनी वळून बघण्याची मला जी सवय लागली ती लागलीच.

माझ्या मालकीणबाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायच्या, म्हणून अख्खं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं. सोमवार ते शनिवार त्या एका डबड्यासारख्या गाडीत घाबरलेल्या माणसांना क्लच आणि गिअर शिकवायच्या. रविवार माझा. डोंगर चढायच्या शर्यतीत आम्ही दोनदा पहिल्या आलो आणि एकदा चौथ्या. चौथ्या आलो तेव्हा रस्त्यात शेळी आडवी आली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. बाईंचा हात गिअरवर आला की पुढचं वळण डावं आहे की उजवं, ते मला न बघता कळायचं. शर्यत संपली की त्या माझ्या बॉनेटवर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, "शाब्बास गं!" तेवढ्यानं माझा आठवडा छान जायचा.

मग बाईंचं लग्न झालं, घरात ताई आली, तिच्यामागून बाळ्या आला. माणसं चार आणि सीटा दोन. हे गणित कसं जमायचं? माझ्यावर खोळ आली. सुरुवातीला बाई दर रविवारी येऊन मला सुरू करायच्या. मग महिन्यातून एकदा. मग तेही राहिलं. पुढे बाळ्यानं टाइल्सचं दुकान काढलं आणि दुकानात न मावणारे खोके सरळ माझ्या बॉनेटवर आणून ठेवले. टायर बसले, उंदरांनी वायरिंग खाल्लं. एका मांजरीनं सीटवर तीन पिल्लं घातली, त्याचं मात्र मला वाईट वाटलं नाही, तेवढीच सोबत झाली. बाकी फार वाईट वाटायचं. रागही यायचा. खोक्यांखाली सव्वीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.

आमच्या शेडला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी आहे, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येतं. एका दुपारी बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आल्या. ताई आणि बाळ्या वाटच बघत होते.

"डॉक्टर म्हणाले, दिवसाउजेडी चालवायला हरकत नाही," बाई म्हणाल्या. "पण आठ महिन्यांनी लायसन्स संपतंय. त्यानंतर नव्या लायसन्सच्या कागदावर काही ते सही करणार नाहीत."

"मग काय झालं?" बाळ्या म्हणाला. हा गृहस्थ पन्नाशीला टेकलाय, पण घरात अजून बाळ्याच. "तुला जिथं जायचं असेल तिथं मी सोडीन."

"मला कुठंही जायचं नाहीये. मला माझी गाडी चालवायचीय."

एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. मित्रांनो, माझ्यावर खोके होते म्हणून, नाहीतर मी जागच्या जागी उडीच मारली असती! भावंडांचे आवाज भरून आले. आईची इच्छा पुरी करायची, हे तिथल्या तिथं ठरलं. फक्त आईला अट घातली, "गाडी तयार होईपर्यंत तू गॅरेजमध्ये यायचं नाहीस. एकदम दाखवू." इथंच पहिली चूक झाली.

दुसरी चूक एका शब्दानं केली. गॅरेजचे मिस्त्री मोजकं बोलणारे आणि त्यांच्याकडचे पेंटर उत्साही. बाळ्या दुकानात जाता जाता सकाळी येऊन पेंटरना सांगून गेला, "गाडी ओरिजिनल करायची, काय?" ताई दुपारी आली. ती दप्तरखान्यात जुने कागद सांभाळते. तिनं सांगितलं, "गाडी ओरिजिनल ठेवायची हं." पेंटर खूश झाले. बहीणभावाचं इतकं एकमत त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं! त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि दोन दिवसांत माझं डावं दार घासून पार उघडं केलं. आतला पांढरा पत्रा आणि त्यावरच्या हातोड्याच्या खुणा सगळ्या जगाला दिसायला लागल्या. लाज वाटली मला.

तिसऱ्या दिवशी दोघं एकदम आले. बाळ्या म्हणाला, "वा!" ताईनं कपाळाला हात लावला.

"हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. ओरिजिनल म्हणालात," पेंटर म्हणाले.

"म्हणजे आहे तशी! ऊन खाल्लेला रंग, झिजलेलं स्टिअरिंग, सगळं तसंच. एकदा घासलं की परत येतं का ते?"

"काहीतरीच काय ताई," बाळ्या म्हणाला. "ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून आली तशी. आरशासारखी. सीटा नव्या, रंग नवा. इंजिन जाम झालंय, तेही दुसरं टाकू."

दुसरं इंजिन! माझ्या अंगावर काटा आला. पण माझं कोण ऐकतंय? दोघं रोज येत, रोज भांडत. बाळ्याच्या पद्धतीनं अडीच वर्षं लागणार होती. ताईच्या पद्धतीत प्रत्येक स्क्रू काढण्याआधी त्याचा फोटो आणि वहीत नोंद, म्हणजे तिचीही दोन वर्षं कुठं गेली नाहीत. आठ महिन्यांतला एक गेला. दुसराही गेला. दोघांचं आईवर जिवापाड प्रेम होतं, आणि आईचे दिवस मात्र कुणीच मोजत नव्हतं.

शेवटी मिस्त्री उठले, हात पुसले आणि सरळ बाईंच्या घरी गेले. त्यांना गाडी बाईंनीच शिकवली होती. परत आले ते बाईंना घेऊनच.

बाई माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. उघड्या दारापाशी थांबल्या.

"हे काय?"

बाळ्यानं ताईकडे पाहिलं, ताईनं बाळ्याकडे. मग पेंटर हळूच म्हणाले, "ओरिजिनल."

"अस्सं. बाळ्या, तुझ्या पद्धतीनं किती दिवस?"

"अडीच वर्षं. पण आई, अशी होईल ना की बघतच राहशील!"

"बघतच राहीन. चालवणार कोण? आणि तुझ्या पद्धतीनं गं?"

"जवळपास तेवढेच," ताई खाली मान घालून म्हणाली.

"माझ्याकडे सहा महिने आहेत," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी दोघांचे चेहरे पडले. "मिस्त्री, ऐका. ब्रेक, टायर, वायरिंग, पेट्रोलच्या नळ्या, सगळं नवं. तिथं जुन्याचे लाड नकोत. जे नुसतं दिसतं, ते असू दे तसंच. इंजिन मोकळं झालं तर हेच. नाही झालं तर दुसरं टाका. मी रडत बसणार नाही."

मित्रांनो, खरं सांगू? ते ऐकून मला फार लागलं. पण त्यांचं बरोबर होतं. त्यांना मी कपाटातली बाहुली म्हणून नको होते, रस्त्यावर हवी होते. आणि मलाही तेच हवं होतं की!

"दाराचं मी बघतो बाई," पेंटर कळवळून म्हणाले. "लाल रंग लावून असा विटवतो की जुना कुठला नि नवा कुठला, कळणारसुद्धा नाही."

"खोटं म्हातारपण कशाला देता तिला? सरळ नवा लाल द्या."

"पण एकच दार वेगळं दिसेल."

"दिसू दे. माझा एक गुडघा नवा आहे. त्याला कुणी सुरकुत्या पाडल्या का?"

मिस्त्री हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. ताईला रडता रडता हसू फुटलं आणि बाळ्या मुकाट्यानं मिस्त्रींना पाने-पक्कड काढून द्यायला लागला.

त्या दिवसापासून रोज सकाळी मिस्त्री प्लगच्या भोकांतून आत तेल सोडायचे आणि पाना लावून हातानंच इंजिन मागे-पुढे करून बघायचे. जोर अजिबात नाही. बाई स्टुलावर बसून राहायच्या. दहा दिवस मी तसूभरही हलले नाही. हलायचं होतं हो, पण जमत नव्हतं. अकराव्या दिवशी आत कुठंतरी 'टक्' झालं आणि पाना केसभर सरकला. मिस्त्री एवढंच म्हणाले, "निघालं." बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझंच इंजिन, मित्रांनो! उसनं नाही, माझं!

चार महिन्यांनी मी रस्त्यावर आले. एक दार नवंकोरं, बाकीची उन्हानं फिकटलेली, आणि लोक वळून वळून बघतायत. बाई रोज उजेडात मला घेऊन निघायच्या. शेजारी कधी ताई, कधी बाळ्या. पहिल्याच मोठ्या वळणावर बाळ्यानं डोळे मिटून "आई गं!" म्हणून हाक मारली. "ओरडतोस काय? शेजारीच आहे मी," बाई म्हणाल्या आणि गिअर बदलला. डोळे थकले असतील, हात नव्हते थकले.

दोन महिने कसे गेले ते कळलं नाही. शेवटच्या दिवशी बाईंनी मला अंगणात आणून उभं केलं आणि किल्ली काढली. बराच वेळ त्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. झालं, परत खोळ, असं मनात येऊन माझा जीव कासावीस झाला.

पण बाई उतरल्या, पुढून वळसा घालून आल्या आणि दुसऱ्या दारानं आत येऊन शेजारच्या सीटवर बसल्या. पायरीवर ताई उभी होती.

"ये, तिकडून बस."

"आई, मला गाडी येत नाही."

"म्हणून तर बोलावतेय. अख्ख्या गावाला शिकवलं, घरातलीच तेवढी राहिली."

"पण हिला काही झालं तर?"

"होईल की. मिस्त्री आहेत."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू कापडाखाली पडून असेल. तिचं काय करायचं यावर खुशाल वाद घाला. पण ती ज्यांच्या हातची आहे त्यांना आधी बोलवा, बसायला द्या आणि विचारा. त्यांच्याकडे किती दिवस आहेत, तेही विचारा. आम्हांला चमक नको असं नाही, मी तर चांगली नखरेल आहे. पण आम्हांला वापरा. वापरताना ओरखडे पडले तर पडू देत, मायेनं दुरुस्त करा आणि पुन्हा बाहेर काढा.

ताईनं मला तीन वेळा बंद पाडलं. तिन्ही वेळा बाई शांतपणे म्हणाल्या, "क्लच हळू. परत." चौथ्यांदा मात्र मी बंद पडले नाही, आणि आम्ही तिघी फाटकाबाहेर पडलो.