तुळसाचा डावा स्वरतंतू

शीव कोळीवाड्यातल्या तुळसाने हाक मारली की गल्लीच्या तोंडाशी रेंगाळणारं गिऱ्हाईक निमूट तिच्या मासळीच्या पाटीपाशी येऊन उभं राहायचं. थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि त्या गळ्यातून नुसती फुसफुस निघायला लागली. दुर्बिणीत दिसलं, डावा स्वरतंतू जागचा हलत नाही. त्याची नस मेलीय की नुसती मलूल पडलीय, ते आज सुई लावून कळणार होतं.

"मेली असली तर?" तुळसाने सुनेच्या कानात विचारलं.

"तर दुसरे उपाय आहेत ना, आई. थोडा आवाज येईल."

"थोड्या आवाजात काय विकू गो, अगरबत्त्या?"

डॉक्टर मानसीने गळ्यात बारीक सुई घातली. सुईची वायर मशीनला, मशीनला स्पीकर. "आजी, स्नायू जिवंत असला की यातून आवाज येतो. तव्यावर तुकडी तडतडते ना, तसा."

उजवी बाजू झकास तडतडली. मग सुई डावीकडे.

"ई म्हणा."

तुळसाचा धीरच होईना. मशीन गप्प राहिलं तर? भीतीने तिने श्वास धरला, नुसता ओठांचा आकार केला. मशीन गप्पच.

"घाबरलात. जरा थांबू. अगदी शांत पडा, बोलू नका."

तुळसाने डोळे मिटले. उशाशी सून, प्रिया, सहज बोलावं तसं बोलायला लागली, "डॉक्टर, पापलेट घ्यायचं तर आमच्या समोरच्या राधाबाईकडे घ्या हां. आमच्या आईंपेक्षा तिचं ताजं असतं."

तुळसाचे ओठ घट्ट मिटलेले. पण स्पीकर असा तडतडला की डॉक्टर दचकली.

"आजी! बोलू नका म्हटलं ना!"

तुळसाने डोळे वटारून हातानेच विचारलं, मी कुठे बोलले?

"मनातल्या मनात भांडलात की!" डॉक्टर हसत सुटली. "हा डावाच स्नायू बरं का. नस जिवंत आहे. वेळ लागेल, व्यायाम करावे लागतील, पण आवाज परतायची आशा चांगली आहे."

सुई निघाली. तुळसाचे डोळे भरून आले, प्रियाचेही. तुळसाने सुनेला हात धरून जवळ ओढलं. प्रियाला वाटलं, आता आशीर्वाद मिळणार.

"राधीची पापलेटं," तुळसा फुसफुसली, "बर्फातली."

"ठाऊक आहे, आई."

"मग परत बोल तसं. उद्या सकाळी, व्यायामाला."