बांबूवरची झावळी

आमच्या 'काय रांग' गावच्या, नदीवर नावांतून भरणाऱ्या तरंगत्या बाजारात ओरडायचं काम नाही. जे विकायचं ते नावेवरच्या उंच बांबूला टांगायचं. अननस तर अननस, भोपळा तर भोपळा. आणि झावळी टांगली, की समजायचं नावच विकायची आहे. नदीवरच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं.

आमचे हे, दुओक, याच नावेत जन्मले. मी तिच्यावर शेवयांचं सूप शिजवून विकते. डॉक्टरांनी छातीचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा विकण्याजोगी एवढी नावच होती. पण माणूस महाहट्टी! "या नावेवर झावळी चढली ना, तर मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. सांगून ठेवतो."

"मग मरा इथंच!" मी म्हणाले. जीभ झडो माझी.

पंधरा दिवसांत त्यांना छपराखालून उठवेना. तेव्हा मी गुपचूप झावळी बांधली. आतून बांबू दिसत नाही. म्हटलं, आधी गिऱ्हाईक येऊ दे, मग यांच्या पाया पडेन. शेजारच्या नावांनाही बजावलं होतं. कुणी ब्र काढला नाही.

सकाळी पर्यटकांची होडी आली. बरोबर न्हान, शेजारच्या अननसवाल्यांची लेक, आता गाईड झालेली. तिचं नेहमीचं चालू होतं, "नदी बघा, आमच्या रीती बघा, काकूंचं सूप प्या, सगळं एकाच तिकिटात!"

कॅमेरावाली एक परदेशी बाई झावळीकडे बोट दाखवून तिला काहीतरी विचारायला लागली. न्हानचा चेहरा पडला.

"काकू, शोभेची आहे म्हणून सांगितलं," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "आपल्यात काय म्हणतात विचारत होती, तोही शब्द सांगितला."

अगं बये! एवढ्यात ती बाई छपराखाली वाकली आणि आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून मोडकंतोडकं बोलली, "काका, झावळी सुंदर!"

आतला खोकला थांबला.

हे रांगत बाहेर आले. वर पाहिलं. वाटलं, आता शिव्या घालतील. घाला हो, एक तरी घाला! पण ते बांबूच्या आधाराने उभे राहिले, झावळीचं टोक मुठीत धरलं आणि त्या बाईकडे बघून हसले. तिने फोटो काढला.

होडी गेल्यावर मला म्हणाले, "किती खाली बांधलीस गं. लांबून दिसायला नको?"

मी वर बांधायला घेतली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा गाठ बसली.

गिऱ्हाईक चौथ्या दिवशी आलं. हे दुसऱ्याच दिवशी गेले होते. त्याला परत पाठवलं.

पुढे न्हानने तो फोटो मिळवून दिला. पूजेत ठेवायला यांचा दुसरा फोटोच नाही. फोटोवाल्याला म्हटलं, तेवढी झावळी काढून टाक बाबा, मला बघवत नाही.

"काकू, काकांनी घट्ट धरलीय," तो म्हणाला. "ती काढली तर हातही जाईल."

"मग राहू दे," मी म्हणाले.