इकडे लख्ख ऊन आहे

आमच्या ह्यांचं एक छोटं विमान आहे, ह्यांच्या जिवलग मित्राचंही आहे. दर रविवारी एकाने उडत दुसऱ्याच्या गावी जेवायला जायचं. हवेचं निमित्त करून जो आधी कच खाईल, तो आठवडाभर भित्रा. दोघांची पन्नाशी उलटली, पण पोरखेळ सुटत नाही.

त्या रविवारी पाळी ह्यांची होती. धुकं असं, की खिडकीतून आमचं फाटकही दिसेना. ह्यांनी मित्राला फोन लावला. "निघतोच आहे. इकडे लख्ख ऊन आहे." मग पलीकडचं ऐकून हसले आणि बूट काढायला बसले.

"काय म्हणाले भावजी?"

"त्याच्याकडे ढग उतरलेत. येऊ नकोस म्हणाला. घाबरला बिचारा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. भावजी इतक्या सहज हार मानणाऱ्यांतले नव्हेत. आणि ह्यांचा तो सुटकेचा सुस्काराही मला आवडला नाही. भाजी चिरतानाही ते डोक्यातून जाईना, तेव्हा मी भावजींच्या बायकोलाच फोन लावला.

"अगं, हे कधीच उडाले," ती म्हणाली. "इथे उतरणं धोक्याचं, तर मीच जाऊन त्याला चकित करतो म्हणाले. तुमच्याकडे लख्ख ऊन आहे ना?"

छपरावर धुक्यात कुठेतरी इंजिनाची घरघर आली, लांब गेली, परत आली. ह्यांनी वर पाहिलं.

मी फोन ह्यांच्या हातात दिला. "सांगा तिला," मी म्हणाले, "इकडे ऊन कसं पडलंय ते."