डाव्या टाचेचा दुसरा ठेका

मी घुंगरांचा एक जुना चाळ आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी तमाशा पाहिला नसेल. तो मोठ्यांचा खेळ म्हणून तुम्हाला कनातीच्या आत कुणी येऊ दिलं नसेल.

जळगावच्या एका कारागिराने माझी पितळी घुंगरं ओतली. बावीस वर्षं मी भिकुबाईच्या डाव्या पायात वाजलो. बांधण्याआधी ती मला कपाळाला लावायची. दोंडाईच्याजवळच्या एका गावाची यात्रा आली की पंच तिला सुपारी द्यायचे, म्हणजे नाचाचं बोलावणं. हजेरीच्या, म्हणजे दिवसा होणाऱ्या खेळाला माणसं झाडांवर चढून बसायची.

एके वर्षी माझ्या एका घुंगरातला खडा पडला. ते मुकं झालं. ती उणीव झाकायला भिकुबाई डावी टाच पटकन दोनदा मारू लागली. लोकांना नेमकं तेच आवडलं. शिट्ट्यांनी मांडव दणाणायचा. खेळ संपला की तीच माणसं तिला घाणेरडी नावं ठेवायची. एकदा तिने पंचांपैकी सुकदेव आबांच्या ओट्यावर पाणी मागितलं. त्यांनी हापशीकडे बोट दाखवलं.

यंदा सुपारी आलीच नाही. पंच विसरले असतील, या आशेने भिकुबाई मला पिशवीत घालून स्वतःच गेली. मांडवात मोठा पडदा होता आणि त्यावर संगणकाने घडवलेली नर्तकी नाचत होती. बायका पुढे बसल्या होत्या. आबांच्या मांडीवर त्यांची नात पुनम होती.

"आबा, तमाशाले नात लई उनात?" नातीला घेऊन आले म्हणून कुणीतरी अहिराणीत टोमणा मारला.

"मंग काय! हाई कोनी बाई नही शे, मशीन शे. देखाले काय लाज?"

तेवढ्यात नर्तकीने डावी टाच दोनदा मारली. तिची घुंगरं तर सगळी धडधाकट होती! गेल्या तीन हजेऱ्यांचं मोबाइलवरचं चित्रण संगणकाला पुरवलं, असं यात्रा कमिटीने माइकवरून अभिमानाने सांगितलं. भिकुबाईचं नाव घेतलं नाही.

ती पुढे झाली. "आबा, हाऊ ठेका मन्हा शे."

"बाई, मशीनले कोन नाच शिकाडस?" आबा हसले. मांडवही हसला.

"मीच शिकाडा."

"मंग चांगलं शे. आते घर बस, पायले आराम दे."

तिने मला पिशवीतून काढून उंच धरलं. मी सगळा जीव एकवटून वाजलो. स्पीकरपुढे कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी आल्यावर तिने मला कपाळाला लावलं नाही. पत्र्याच्या पेटीत जुन्या लुगड्याखाली ठेवून दिलं. आता माझ्यावर हिरवट थर चढतो आहे.

मित्रांनो, मला चिंच लावून घासू नका. चमकून मी कुणाच्या पायात वाजू? तुम्ही पडदा पाहाल, जरूर पाहा. पण टाळी वाजवण्याआधी हे पाऊल कुणाचं, एवढं विचारा. आणि त्या पावलाची धनीण कधी तुमच्या ओट्याशी आली, तर तिला हापशी दाखवू नका. घरातल्या तांब्याने पाणी द्या.