झाकणावरचा ठिपका

खूण डिशच्या तळाला करायची, झाकणावर नाही, हे ओरडून ओरडून प्रयोगशाळेत माझा घसा बसलाय. आणि त्या दिवशी मीच झाकणावर ठिपका दिला. घाई नडली, दुसरं काय!

डिश दोनच होत्या. दोन्हींत माझ्या ताईच्या कातडीपासून तयार केलेल्या पेशी. ताईचं हृदय लहानपणापासून मधेच एखादा ठोका गाळतं, आता फारच. औषधं थेट तिच्यावर करून बघण्याऐवजी या पेशींपासून हृदयाच्या पेशी घडवायच्या आणि त्यांच्यावर बघायची, असं ठरलं होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं तर सहा महिने. डॉक्टर म्हणाले होते, तेवढा वेळ नाही.

प्रत्येक पेशीत सगळीच जनुकं असतात, डोळ्याची, हाडाची, हृदयाची. कोणती जागी करायची आणि कोणती झोपवायची, ते प्रथिनं ठरवतात. आमचं प्रथिन तिसऱ्या दिवशी एकदाच द्यायचं. राहिलं तर हृदय बनत नाही, दोनदा पडलं तर भलतंच काहीतरी बनतं.

एका डिशला दिलं, ठिपका दिला. झाकणांवर वाफ धरलेली, म्हणून दोन्ही काढून पुसली, परत ठेवली. दुसरीसाठी पिपेट उचललं आणि तसंच खाली ठेवलं. कोणतं झाकण कुठलं?

प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान!" त्या कडाडल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आता दोन्हींना हात लावू नकोस. एक तरी वाचेल."

घरी ताईलाही सांगून टाकलं. ती हसली. "भाजीत दोनदा मीठ घालणारी तू. या वेळी थांबलीस, हेच खूप झालं."

मला हसू आलं नाही. पुढचे सहा दिवस दोन्ही डिश हात न लावता नुसत्या बघत राहिले.

नवव्या दिवशी ठिपकेवाली डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सगळं निपचित. दुसरी ठेवली. एका कडेला काहीतरी हललं. धक्. धक्. मग काहीच नाही. मी डोळा हलवला नाही. धक्.

ही खंड पडलेली जागा मला ओळखीची होती. लहानपणी ताईच्या छातीवर डोकं ठेवून झोपायचे, तेव्हा हीच ऐकत मी घाबरून जागी राहायचे.

"बाई, सुरू झालं!" मी ओरडले. "आणि अगदी तिच्यासारखंच अडखळतंय हो!"

बाईंनी वाकून पाहिलं, बराच वेळ. "रडायचं नंतर," त्या म्हणाल्या. "आधी औषधं काढ."